तटस्थ पंच मागणारा कप्तान पंतप्रधानपदावरून का गेला?

लेगकटर (मूळ लेखन)

इम्रान खानचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा दोन वाक्यांत आटोपते. कुणी म्हणतो, लष्कराने आणला आणि लष्करानेच घालवला; कुणी म्हणतो, खेळाडूला राज्यकारभारातले काय कळणार. या दोन्ही उत्तरांनी माझे समाधान होत नाही, कारण पहिल्यात इम्रान हे नुसते प्यादे आहे आणि दुसऱ्यात त्याच्या खेळाची दखलच नाही. 10 एप्रिल 2022 रोजी मध्यरात्र उलटल्यावर पाकिस्तानच्या नॅशनल असेंब्लीत 174 मतांनी अविश्वास ठराव संमत झाला आणि त्या मार्गाने पायउतार झालेला तो त्या देशाचा पहिला पंतप्रधान ठरला. या पतनाची मुळे त्याच्या कप्तानीत शोधता येतात असे माझे मत आहे आणि त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात नोव्हेंबर 1986 च्या लाहोर कसोटीपासून करतो. त्या काळी पाकिस्तानात खेळून परतणारा जवळपास प्रत्येक पाहुणा संघ तिथल्या पंचांच्या नावाने बोटे मोडत असे आणि आपले विजय घरच्या पंचांच्या कृपेने आलेले आहेत हा बट्टा इम्रानला सलत होता. त्याने आग्रह धरून वेस्ट इंडीजविरुद्धच्या त्या सामन्यासाठी त्रयस्थ देशाचे पंच बोलावून घेतले आणि ते दोघेही भारतीय होते: आपले मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. सीमेवर दोन्ही देशांचे संबंध ताणलेले असताना भारतीय पंचांच्या हाती आपला सामना सोपवणे ही साधी गोष्ट नव्हती. पाकिस्तानचे डाव 131 आणि 77 धावांत संपले, वेस्ट इंडीजने 218 धावा केल्या आणि एक डाव दहा धावांनी सामना जिंकला. एवढे होऊनही इम्रानने तटस्थ पंचांची मागणी सोडली नाही. आज जगभर कसोटीला बाहेरचे पंच उभे राहतात, त्या प्रथेचा आरंभ तिथे आहे.

आता 2014 कडे या. तेहरीक-ए-इन्साफ हा पक्ष त्याने 1996 मध्ये काढला, 1997 मध्ये त्याला एकही जागा मिळाली नाही, 2002 मध्ये मियाँवालीची एकच मिळाली, 2008 ची निवडणूक त्याने बहिष्कारात घालवली. ऑक्टोबर 2011 च्या लाहोरमधल्या मिनार-ए-पाकिस्तानच्या विराट सभेनंतर वारे फिरले, तरी 2013 मध्ये पंतप्रधान झाले ते नवाझ शरीफच. त्या निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा आरोप करीत इम्रानने इस्लामाबादेत 126 दिवस धरणे धरले आणि त्या व्यासपीठावरून तो लोकांना सांगू लागला की पंचांचे बोट आता वर जाणार आहे. हा पंच कोण, हे पाकिस्तानात शेंबड्या पोरालाही कळत होते. पुढे 2022 च्या मार्चमध्ये, अविश्वास ठराव दाखल झाल्यानंतर, लष्कराने आपण राजकारणात तटस्थ असल्याचे सांगितले, तेव्हा हाच माणूस जाहीर सभेत म्हणाला की तटस्थ तर फक्त जनावरे असतात.

मैदानावर त्याला तटस्थ पंच हवे होते, कारण आपला संघ जगात कुणापेक्षा कमी नाही याची त्याला खात्री होती. राजकारणात पंधरा वर्षे हाती काही न लागल्यावर ती खात्री आटली आणि पंच आपल्या बाजूचा असला तर बिघडले काय, असे त्याला वाटू लागले. एकदा तसा पंच मिळाला की संघ बांधण्याची निकड उरत नाही. 2018 मध्ये थेट निवडून आलेल्या 116 जागांवर, एमक्यूएम, बलुचिस्तान अवामी पार्टी, काफ लीग (मुस्लिम लीगचा क्यू गट) अशा मित्रपक्षांना जोडून, 176 मतांनी तो पंतप्रधान झाला. ही जुळवाजुळव त्याची स्वतःची नव्हती, म्हणून ती टिकवण्याची कलाही त्याने कधी शिकून घेतली नाही.

कप्तानीची दुसरी सवय निवडीची. 1992 च्या विश्वचषकात इंझमाम सतत अपयशी ठरत असताना इम्रानने त्याला हात धरून ठेवले आणि ऑकलंडच्या उपांत्य सामन्यात त्या पोराने 37 चेंडूंत 60 धावा करून कप्तानाचा शब्द राखला. वसीम अक्रमला त्याने वाइड-नोबॉलची फिकीर न करता वेगात टाकायला सांगितले आणि मेलबर्नच्या अंतिम सामन्यात लॅम्ब व लुईस लागोपाठच्या दोन चेंडूंवर त्रिफळाचीत झाले. अशा यशातून आपली नजर चुकत नाही हा समज पक्का होतो. पंजाबसारख्या, निम्म्याहून अधिक लोकसंख्येच्या प्रांताचे मुख्यमंत्रीपद त्याने प्रथमच आमदार झालेल्या उस्मान बुझदार यांना दिले आणि टीका झाल्यावर हे तर ‘वसीम अक्रम प्लस’ आहेत अशी ग्वाही दिली. पक्षातले लोक, मित्रपक्ष आणि लष्कर असे सगळे त्या एका नेमणुकीवर नाराज होते, पण कप्तान हटला नाही. हटला तो 2022 च्या मार्च महिन्यात, काफ लीगची मते वाचवण्यासाठी, आणि तोवर खेळ हातचा गेला होता.

दुसरी बाजू

लेगकटर, लेख वाचनीय आहे, पण त्यातला मुख्य विचार मला मुळीच पटला नाही. आपण एका व्यवस्थेचा रोग एका माणसाच्या स्वभावात शोधत आहात. पाकिस्तानच्या स्थापनेपासून आजवर एकाही पंतप्रधानाने पाच वर्षांचा कार्यकाळ पूर्ण केलेला नाही, ही एकच गोष्ट आपल्या सिद्धांताला पुरून उरते. लियाकत अली खान यांची हत्या झाली, झुल्फिकार अली भुत्तो यांना 1979 मध्ये फाशी झाली, जुनेजो यांना लष्करशहा झिया-उल-हक यांनी 1988 मध्ये बडतर्फ केले, बेनझीर दोनदा गेल्या, नवाझ शरीफ तीनदा गेले, गिलानी यांना न्यायालयाच्या अवमानाच्या प्रकरणात 2012 मध्ये घरी जावे लागले. यांपैकी कोणी विश्वचषक जिंकला होता? कोणी इंझमामला संघात ठेवले होते? जमीनदार, उद्योगपती, पिढीजात राजकारणी आणि खेळाडू असे सगळे एकाच दारातून बाहेर पडत असतील, तर दाराकडे पाहावे लागते.

ऑक्टोबर 2021 मध्ये आयएसआयच्या प्रमुखपदी कोण असावे यावरून इम्रान खान आणि लष्करप्रमुख जनरल बाजवा यांच्यात जाहीर बेबनाव झाला. इम्रान खान यांना फैझ हमीद यांना काही काळ ठेवायचे होते, लष्कराने नदीम अंजुम यांचे नाव ठरवले होते आणि पंतप्रधानांनी अधिसूचनेवर सही करायला काही आठवडे लावले. त्यानंतर पाच-सहा महिन्यांत मित्रपक्षांना एकाएकी कंठ फुटला, हा योगायोग मानायचा का? आपल्याच देशातल्या गुप्तचर संस्थेचा प्रमुख नेमण्याचा अधिकार पंतप्रधानाने वापरू पाहिला, याला कप्तानीचा हट्ट कसे म्हणता येईल? भारतात किंवा ब्रिटनमध्ये त्याला कारभार म्हणतात. खुद्द बाजवा यांनी नोव्हेंबर 2022 मध्ये निवृत्तीपूर्वीच्या भाषणात मान्य केले की लष्कर सत्तर वर्षे राजकारणात घटनाबाह्य ढवळाढवळ करीत आले. आरोपीने कबुली दिल्यावरही आपण फिर्यादीचे चारित्र्य तपासत बसला आहात.

अवांतर : खेळाडू म्हणायचे तर नवाझ शरीफही प्रथम श्रेणीचा एक सामना खेळले आहेत आणि त्यात शून्यावर बाद झाले आहेत. पंतप्रधान मात्र ते तीनदा झाले, तेव्हा फलंदाजीच्या सरासरीचा आणि सत्तेचा संबंध आपणच लावून पाहावा.

जमाखर्च

दोघेही पंच आणि जनरल यांत रमला आहात आणि बाजारात जाऊन आलेल्या माणसाचा विचार कुणीच केलेला नाही. नाणेनिधीकडे हात पसरण्यापेक्षा जीव देईन, असे म्हणणाऱ्या इम्रान खान यांनी सत्तेवर आल्यावर जवळजवळ वर्ष घालवले आणि जुलै 2019 मध्ये सहा अब्ज डॉलरचे कर्ज तिथूनच घेतले. जे पहिल्या महिन्यात सोप्या अटींवर मिळाले असते ते उशिरा आणि कडक अटींवर मिळाले, असे मला वाटते. पावणेचार वर्षांत अर्थखाते असद उमर, हफीझ शेख, हम्माद अझहर आणि शौकत तरीन अशा चौघांकडे फिरले. सत्तेवर आले तेव्हा एका डॉलरला सव्वाशेच्या आसपास पाकिस्तानी रुपये पडत होते, गेले तेव्हा 180 च्या पुढे.

आणि शेवटचा अंक पाहा. 28 फेब्रुवारी 2022 रोजी, जगात तेल भडकलेले असताना, त्यांनी पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांनी आणि वीज युनिटमागे पाच रुपयांनी स्वस्त केली आणि अर्थसंकल्पापर्यंत दर वाढणार नाहीत असे आश्वासन दिले. नाणेनिधीशी केलेल्या कराराला हे सरळ छेद देणारे होते. आपण जाणार हे कळल्यावर पुढच्या भाडेकरूसाठी नळ उघडे टाकून जावेत, तसा हा प्रकार झाला. विरोधकांना ठराव आणण्याचे धैर्य आले ते रावळपिंडीच्या, म्हणजे लष्करी मुख्यालयाच्या, इशाऱ्याने आले असेल, नव्हे आलेच असेल, पण तो इशारा प्रभावी ठरला कारण महागाईने मित्रपक्षांचे मतदार आधीच चिडलेले होते. सरकार लोकप्रिय असताना मित्रपक्ष सोडून जात नाहीत.

वायव्येचा वारा

धाग्याच्या शीर्षकातच पतन गृहीत धरले आहे, मला तेच मान्य नाही. पद गेले हे खरे. पण पद गेल्यानंतर जो माणूस देशातला सर्वांत लोकप्रिय नेता झाला, त्याच्याबद्दल पडला हे क्रियापद वापरताना थोडा विचार व्हावा.

नोव्हेंबर 2022 मध्ये वझिराबादेत त्याच्या पायावर गोळ्या झाडल्या गेल्या. 9 मे 2023 रोजी त्याला इस्लामाबाद उच्च न्यायालयाच्या आवारातून उचलले, त्यानंतर लाहोरमध्ये लष्करी कमांडरच्या निवासस्थानापर्यंत जमाव घुसला आणि मग पक्षाची पाळेमुळे खणण्याचे काम सुरू झाले. ऑगस्ट 2023 पासून तो तुरुंगात आहे, आधी अटक या शहरातल्या आणि मग रावळपिंडीच्या अडियाला तुरुंगात. जानेवारी 2024 मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीचे कारण देऊन बॅट हे निवडणूक चिन्ह काढून घेण्यात आले. ज्या देशात कोट्यवधी मतदार चिन्ह पाहून शिक्का मारतात तिथे याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. उमेदवार अपक्ष ठरले, प्रत्येकाच्या वाट्याला निराळे चिन्ह, कुणाला तर चक्क वांगे. मतदानाच्या दिवशी मोबाइल सेवा बंद. तरीही 8 फेब्रुवारी 2024 रोजी निवडून आलेल्यांत सर्वांत मोठा गट त्याच्याच अपक्षांचा होता. मतदारांनी आपापल्या मतदारसंघातले वांगे आणि बाकीची चिन्हे शोधून काढून शिक्का मारला, हे नुसत्या विश्वचषकाच्या पुण्याईवर होत नाही.

त्यामागे काम आहे. आईच्या कर्करोगानंतर त्याने लाहोरला शौकत खानम रुग्णालय उभारले आणि पुढे पेशावरलाही एक उभे केले. खैबर पख्तुनख्वा प्रांतात त्याच्या पक्षाने दर कुटुंबाला वर्षाकाठी दहा लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार देणारे आरोग्यकार्ड दिले. त्या प्रांताची ख्याती अशी की तिथे कुणालाही दुसरी पाळी मिळत नाही. याच्या पक्षाला 2018 मध्ये ती मिळाली आणि 2024 मध्ये तिसरीही. पुण्या-मुंबईत बसून आपण त्याला बुझदारवरून मोजतो, पेशावरचा माणूस त्याला रुग्णालयाच्या बिलावरून मोजतो.

चेंडूवर नजर

विषय खेळाडूंच्या राज्यकारभाराचा असेल तर जॉर्ज वेआ यांना वगळून चालणार नाही. मन्रोव्हियातल्या क्लारा टाउन या झोपडवस्तीत वाढलेला हा फुटबॉलपटू 1995 मध्ये जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि तो मान मिळवणारा आजवर एकमेव आफ्रिकी आहे. 2005 मध्ये तो लायबेरियाच्या अध्यक्षपदाची निवडणूक एलेन जॉन्सन सर्लीफ यांच्याकडून हरला, बारा वर्षांनी जिंकला आणि जानेवारी 2018 मध्ये, म्हणजे इम्रानच्या सात महिने आधी, अध्यक्ष झाला. 1944 नंतर प्रथमच त्या देशात एका निवडून आलेल्या अध्यक्षाकडून दुसऱ्याकडे शांततेने सत्ता गेली होती. त्याच्याही राजवटीत महागाई होती, भ्रष्टाचाराचे आरोप होते आणि तरुणांचा अपेक्षाभंग होता.

नोव्हेंबर 2023 मध्ये जोसेफ बोआकाई यांनी दुसऱ्या फेरीत त्याला सुमारे वीस हजार मतांनी हरवले. अंतिम निकाल जाहीर होण्याची वाटही न पाहता वेआने बोआकाईंना फोन करून अभिनंदन केले आणि पराभव मान्य केला. अडीच लाख माणसे गिळणारी यादवी ज्या देशाने पाहिली, तिथे या एका फोनचे मोल फार मोठे आहे. इम्रानने 3 एप्रिल 2022 रोजी काय केले ते आठवा. ठरावावर मतदान व्हायच्या वेळी उपसभापतींनी परकीय कारस्थानाचे कारण देऊन तो फेटाळला, इम्रानने लगेच असेंब्ली विसर्जित करण्याची शिफारस केली आणि राष्ट्राध्यक्षांनी ती मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या पाचही न्यायमूर्तींनी चार दिवसांत हे सगळे घटनाबाह्य ठरवून मतदान घ्यायला लावले. दोघेही खेळाडू, दोघांच्याही मागे जनसागर, पण एकाने हार पत्करली आणि दुसऱ्याने यष्ट्या उपटून नेण्याचा प्रयत्न केला. तेव्हा लेगकटर यांच्या स्वभावाच्या मुद्द्यात तथ्य आहे, मात्र तो स्वभाव खेळातून आला असे मला वाटत नाही. वेआही मैदानातूनच आला होता.

दुसरी बाजू

वेआ यांना सन्मानाने हरता आले, कारण लायबेरियात त्यांना मतदारांनी हरवले. हरल्यावर तुरुंग वाट पाहत नाही हे त्यांना ठाऊक होते. इम्रान खान यांच्यासमोर नवाझ शरीफ यांचे उदाहरण होते: पद गेले, मग अपात्रता, मग कैद, मग लंडन. 3 एप्रिलच्या कृतीचे मी समर्थन करीत नाही, न्यायालयाचा निर्णय योग्यच होता. तरीही जिथे सत्ता सोडणे म्हणजे कोठडीत जाणे असते, तिथे माणूस खेळाडूवृत्ती दाखवील ही अपेक्षा दूर बसून करायला सोपी आहे. झालेही तसेच. 2024 च्या निवडणुकीच्या तोंडावर आठवडाभरात तीन शिक्षा ठोठावण्यात आल्या. त्यांतली सायफरची (गुप्त राजनैतिक तारेच्या प्रकरणातली) आणि विवाहाच्या प्रकरणातली शिक्षा त्याच वर्षी वरच्या न्यायालयांनी रद्द केली. जानेवारी 2025 मध्ये अल-कादिर न्यासाच्या भ्रष्टाचार प्रकरणात आणखी चौदा वर्षे आली.

लेगकटर

दुसरी बाजू, आपला दाराचा मुद्दा मी अमान्य केलेला नाही. सगळे पंतप्रधान त्याच दारातून बाहेर गेले हे खरेच आहे, पण आत येताना त्यांतल्या प्रत्येकाने किल्ली कुणाकडून घेतली हेही पाहावे लागेल. नवाझ शरीफ झियांच्या राजवटीत वाढले आणि पुढे बेनझीर यांच्याबरोबर 2006 मध्ये लोकशाहीचा करारनामा करून बसले, कारण दोघांनाही ठेच लागून शहाणपण आले होते. त्या करारनाम्यात एकमेकांची सरकारे पाडण्यासाठी लष्कराची मदत घ्यायची नाही असे ठरले. इम्रानने या दोन्ही पक्षांना चोर ठरवून तो मार्ग स्वतःपुरता बंद केला आणि सत्तेत असताना विरोधी पक्षनेत्याशी साधे हस्तांदोलनही टाळले. विरोधक तुरुंगात जात होते तेव्हा तो त्याला न्याय म्हणत होता. 2019 मध्ये बाजवा यांना तीन वर्षांची मुदतवाढ देणारा पंतप्रधानही तोच होता. आयएसआयच्या प्रमुखावरून तो भांडला हे खरे, पण लष्कराने राजकारणातून बाहेर जावे अशी त्याची मागणी होती का? त्याला आपल्या मर्जीतला जनरल हवा होता. 1986 चा कप्तान आपल्या मर्जीतला पंच मागत नव्हता, माझे सारे म्हणणे एवढ्यावर उभे आहे.

चेंडूवर नजर, आपला आक्षेप रास्त आहे. खेळ माणसाला हुकूमशहा बनवतो असे मला म्हणायचे नव्हते. पाकिस्तान क्रिकेटची त्या काळची घडीच अशी होती की कप्तान निवडकर्त्यांना धाब्यावर बसवू शकत असे आणि 1987 मध्ये निवृत्त झालेल्या इम्रानला परत बोलवायला खुद्द झियांना शब्द टाकावा लागला होता. फुटबॉलमध्ये संघ निवडतो तो प्रशिक्षक, वेआ मिलानकडून खेळला तरी तिथे त्याची मर्जी चालत नव्हती. आपल्याकडेही कप्तानाला निवड समितीपुढे मान तुकवावी लागे, आणि राजकारणात गेलेले आपले क्रिकेटपटू कुठल्या ना कुठल्या जुन्या पक्षात, उमेदवारीच्या रांगेत उभे राहून गेले. इम्रानचा पक्ष मात्र त्याच्याभोवतीच वाढला आणि त्यात त्याला थांब म्हणणारे कुणी टिकले नाही. जावेद हाशमींसारखा मुरलेला राजकारणी 2014 च्या धरण्यातच, लष्कराच्या भरवशावर हे चालले आहे असे जाहीरपणे सांगून, बाहेर पडला.

जमाखर्च

जावेद हाशमींची आठवण चांगली काढलीत. त्या 126 दिवसांतच चीनच्या अध्यक्षांचा ठरलेला पाकिस्तान दौरा लांबणीवर पडला होता, तोही खात्यात मांडून ठेवा.

वायव्येचा वारा

लेगकटर, मर्जीतला जनरल हवा होता, हे आपण 2021 बद्दल म्हणता ते मी क्षणभर मान्य करतो. पण तुरुंगातल्या तीन वर्षांचे काय? देश सोडून जाण्याचा मार्ग नवाझ शरीफ यांनी दोनदा स्वीकारला, याने एकदाही स्वीकारला नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, सगळे आयुष्य चैनीत जाऊ शकले असते असा, अडियालात बसून राहतो तेव्हा त्याला निव्वळ सत्तालोलुप म्हणणे मला जड जाते.

लेगकटर

त्याच्या धैर्याबद्दल माझ्या मनात शंका नाही, ती इयान बॉथमलाही नव्हती आणि गावसकरांनाही नव्हती. प्रश्न तो तिथून काय मागतो याचा आहे. 2024 च्या उन्हाळ्यात त्याने तुरुंगातून सांगितले की बोलणी करायची तर लष्कराशी, कारण खरी सत्ता त्यांच्याकडे आहे. डिसेंबरमध्ये त्याच्या पक्षाने सरकारशी चर्चा सुरू केली आणि जानेवारीत ती मोडली. शाहबाझ शरीफ यांचे सरकार दुबळे आहे हे मान्य. पण ज्याला लष्कराला बराकीत पाठवायचे आहे त्याने आधी त्या दुबळ्या सरकारशी, मौलाना फझलूर रहमान यांच्याशी, झरदारींशी, म्हणजे ज्यांना ज्यांना तो चोर म्हणत आला त्या सगळ्यांशी करार करायला हवा. आपण त्याचे समर्थक आहात म्हणून विचारतो: उद्या सुटका झाली तर तो पहिला फोन यांच्यापैकी कुणाला करील असे आपल्याला वाटते?

वायव्येचा वारा

फझलूर रहमान यांना. 2024 च्या निवडणुकीनंतर त्याच्या पक्षाचे शिष्टमंडळ त्यांच्या घरी जाऊन आले आहे, आणि ज्या मौलानांची त्याने भर सभांत टिंगल केली होती त्यांच्या दारी आपली माणसे पाठवण्याची परवानगी तुरुंगातून त्यानेच दिली होती. झरदारींना करील असे मात्र मी म्हणणार नाही.